बोलत्या पाटीची किंमत

वस्तू व सेवा कराच्या कोष्टकात श्रवणयंत्रावर कर नाही. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीवर पाच टक्के आहे. मोबाईल फोन आणि टॅब्लेट यांवर मात्र अठरा टक्के द्यावे लागतात. फोनवरचा दर पूर्वी बारा टक्के होता, तो एप्रिल २०२० मध्ये वाढविण्यात आला. करशास्त्राच्या दृष्टीने यात विसंगती आहे असे म्हणता येणार नाही. श्रवणयंत्राचा उपयोग एकच आणि फोनचे उपयोग शंभर. गिऱ्हाईक तो सिनेमा पाहण्यासाठी नेत आहे की न बोलणाऱ्या मुलाला वाचा देण्यासाठी, हे दुकानदाराने कसे ठरवावे? कर वस्तूवर बसतो, वस्तूमागच्या गरजेवर बसत नाही. परंतु ज्या घरातले सहासात वर्षांचे मूल तहान लागली की आईचा हात धरून तिला माठाकडे ओढत नेते आणि आईला अर्थ कळला नाही तर किंचाळत जमिनीवर लोळते, त्या घरात फोन हे श्रवणयंत्राइतकेच गरजेचे साधन ठरू शकते. स्वमग्न मुलांच्या हाती टॅब्लेट आणि मोबाईल देऊन त्यांना बोलते करण्याचा उद्योग जगात दीड दशकाहून अधिक काळ चालू आहे. तो मुंबई-पुण्याच्या बाहेर, बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालसारख्या गावी पोचावयाचा असेल तर काय लागेल, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला दिसत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने १९४३ मध्ये बाल्टिमोर येथे अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ‘ऑटिझम’ ही स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द सुबक आहे, पण दिशाभूल करणारा आहे. मग्न म्हटले की आपल्याच आनंदात बुडालेला, जगाची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. या मुलांना सांगावयाचे असते, पण सांगण्याची वाट सापडत नाही. स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे पाव ते तृतीयांश व्यक्तींना उपयोगी पडेल इतके बोलणे कधीच येत नाही, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले. त्यांत स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. तेव्हा संग्रामपूर तालुक्यात अशी मुले किती, या प्रश्नाला त्या जनगणनेकडून उत्तर मिळणे शक्यच नाही. गावात त्यांना ‘मुका’, ‘वेडसर’, नाही तर ‘हट्टी’ म्हणतात, आणि तिन्ही शब्द चुकीचे आहेत.

बोलता न येणाऱ्या मुलाने चित्र दाखवून मागणे मांडावे, ही कल्पना फोनपेक्षा जुनी आहे. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात चित्रपत्त्यांची एक पद्धती बसविली. मुलाने पाण्याचे चित्र असलेला पत्ता उचलून मोठ्या माणसाच्या हातात द्यावा आणि बदल्यात पाणी मिळावे, हे तिचे मूळ सूत्र. देवघेव हा व्यवहार मुलाला आधी समजतो, शब्द नंतर येतात. पुढे बोलणारी यंत्रे निघाली. त्यांची किंमत हजारो डॉलरांत असे, आणि ती पोटावर टांगून फिरणारे मूल दुरूनच वेगळे दिसे. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि हे चित्र पालटले. त्याआधी एकच वर्ष ‘प्रोलोको टू गो’ हे अ‍ॅप निघाले होते; त्याची किंमत डॉलरांच्या शेकड्यांत होती, हजारांत नव्हे. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘आवाज’ नावाचे यंत्र तयार केले, त्याला २०१० मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे त्याचेही अ‍ॅप झाले. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. रवी पूवय्या यांच्या मार्गदर्शनाखाली ‘जेलो’ हे अ‍ॅप घडविण्यात आले. ते विनामूल्य आहे आणि मराठीतही आहे. म्हणजे वरवट बकालच्या पालकाला परदेशी मालाकडे पाहावयाचे कारण उरलेले नाही.

अशा अ‍ॅपचे काम समजून घेण्यास अवघड नाही. पडद्यावर चित्रांचे चौकोन असतात: खाणे, खेळणे, माणसे, जागा, मदत. जेलोत त्यांच्या जोडीला आवडते, हवे, अधिक आणि यांची उलट रूपे अशी सहा भावदर्शक बटने आहेत. मुलाने चित्र दाबले, मग बटन दाबले, की यंत्र पूर्ण वाक्य उच्चारते. त्या उच्चाराने दोन गोष्टी होतात. समोरच्याला मागणे कळते. आणि मुलाला आपल्या बोटाने जगात काही तरी हलले याचा अनुभव येतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. आदळआपट करूनच ज्याला आजवर जग हलविता आले, त्याला आदळआपट सोडण्यासाठी दुसरे काही तरी हाती लागावे लागते.

‘यंत्र बोलू लागले तर मूल स्वतः कधीच बोलणार नाही,’ ही शंका प्रत्येक पालक काढतो आणि ती काढावी हे स्वाभाविकच आहे. अभ्यास मात्र उलट दिशेला बोट दाखवितात. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. अशा साधनांमुळे बोलणे मागे पडत नाही, उलट बहुतेकांच्या बोलण्यात थोडीफार भरच पडते, असे त्यांना आढळले. २०१४ मध्ये कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ न बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांवर प्रयोग केला. त्यांचे वय पाच ते आठ वर्षांचे होते. ज्यांच्या शिकवणीत बोलणाऱ्या टॅब्लेटची जोड पहिल्यापासून होती, त्या मुलांची आपण होऊन बोलण्याची प्रगती अधिक झाली. पाच वर्षांपर्यंत बोलले नाही तर संपले, असे गावोगाव ऐकावयास मिळते. या प्रयोगातली मुले ते वय ओलांडलेली होती, ही गोष्ट अशा घरांना मुद्दाम सांगावयास हवी. अर्थात ६१ मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये. शिवाय टॅब्लेट तेथे एकटा नव्हता. शिकविणारे तज्ज्ञ त्याच्या जोडीला होते. हा तपशील जाहिरातीत गळतो.

येथे एक पेच उभा राहतो. बालरोगतज्ज्ञ सांगतात की दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि त्यानंतरही पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी तासाभराच्या आत ठेवावा. उशिरा बोलणाऱ्या मुलाची आई डॉक्टरकडे गेली की पहिला सल्ला ‘फोन काढून घ्या’ हाच मिळतो, आणि तो बरोबर असतो. मग त्याच आईला कोणी सांगितले की फोनच त्याच्या हातात द्या, तर तिने कोणाचे ऐकावे? उत्तर असे की पाहण्याचा फोन आणि बोलण्याचा फोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकाच काचेत दडलेल्या आहेत म्हणून घोटाळा होतो. जे यंत्र दुपारभर गाण्यांचे व्हिडिओ दाखविते, त्याच यंत्रावर ‘मला भूक लागली’ म्हणावयास मूल बसणार नाही. ते अ‍ॅप बंद करून व्हिडिओ शोधील. म्हणून शक्य तर बोलण्यासाठी वेगळा फोन असावा. घरातला जुना, सिमकार्ड नसलेला फोनही चालतो, कारण एकदा उतरवून घेतल्यावर अशा बहुतेक अ‍ॅपना इंटरनेटची सतत गरज पडत नाही. पडद्यावर एकच अ‍ॅप खिळवून ठेवण्याची सोय आजच्या स्वस्त फोनांतही असते. आणि हेही जमत नसेल तर तीच चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवावीत. पुठ्ठा बोलत नाही, पण त्याची बॅटरी उतरत नाही, तो पावसाळ्यातल्या वीजखंडित रात्रीही चालतो आणि शेतावर नेला तरी चोरीला जाण्याची भीती नसते. यंत्राच्या कौतुकात पुठ्ठ्याचा विसर पडू नये.

आता हिशेबाकडे वळू. दहा हजार रुपयांचा फोन घेतला तर त्यात कराचे सुमारे दीड हजार रुपये असतात. ही रक्कम शेतमजुराच्या घराला लहान नाही. पण खरा खर्च तो नव्हेच. वरवट बकाल हे पूर्णेच्या उत्तरेला, शेगावपासून सातपुड्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात आहे. वाचातज्ज्ञ आणि चिकित्सा-मानसतज्ज्ञ हवे असतील तर साधारणतः अकोल्याचा रस्ता धरावा लागतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय म्हणजे घाट चढून बुलढाणा. आठवड्यातून एकदाच जावयाचे म्हटले तरी आईबापांपैकी एकाचे वर्षातले बावन्न दिवस जातात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने बुडालेली मजुरी सोळा हजार दोनशे चोवीस रुपये भरते. एस.टी.चे भाडे आणि तज्ज्ञाची फी वेगळीच. स्त्रियांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट लागते, ही मदत खरी. पण कपाशीच्या वेचणीत बुडालेल्या दिवसाला अर्धे तिकीट नसते. तात्पर्य, फोन वर्षातून एकदा नव्हे तर चारपाच वर्षांतून एकदा घ्यावयाचा, आणि शिकवणीसाठी त्याहून मोठी रक्कम दर वर्षी जावयाची. कर माफ झाला तर स्वागतच करावे, परंतु तेवढ्याने फार काही साधेल असे मानण्यात अर्थ नाही.

अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्ड येथील व्याख्यानात ‘समता, पण कशाची?’ असा प्रश्न उपस्थित केला होता. दोन माणसांच्या हाती सारखेच उत्पन्न दिले तरी त्यांचे जगणे सारखे होत नाही. ज्याला शारीरिक अडचण आहे त्याला तेवढ्याच पैशातून कमी साधता येते, हा त्यांचा मुद्दा होता. वस्तूचे रूपांतर क्षमतेत व्हावे लागते, आणि त्या रूपांतराला स्वतःचा खर्च असतो. अर्थशास्त्राच्या वर्गात हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. त्याचे उदाहरण हवे असेल तर ते येथे आहे. अकोल्याच्या घरातला टॅब्लेट आणि वरवट बकालच्या घरातला टॅब्लेट एकाच कारखान्यातून आले असतील. पण पहिल्याजवळ शिकविणारे माणूस रिक्षाच्या अंतरावर आहे.

शिकविणे म्हणजे तरी काय? मुलाच्या हातात पाटी देऊन ‘बोल’ म्हणणे नव्हे. मोठ्यांनी स्वतः त्या पाटीवर बोट ठेवत बोलावयाचे असते. आई भाकरी वाढताना भाकरीचे चित्र दाबते, बाप बाहेर निघताना जाण्याचे चित्र दाबतो. असे महिनोन्महिने चालते, तेव्हा कुठे एखाद्या दिवशी मूल आपण होऊन बोट पुढे करते. बोलणारे मूलही वर्षभर नुसते ऐकूनच बोलू लागते. या मुलालाही तेवढे ऐकण्याची मुभा असली पाहिजे. आणखी एक गोष्ट आपल्या घरांना जड जाते. पाटीवर ‘नको’ हे बटन असले पाहिजे आणि मुलाने ते दाबले तर शक्य तेथे मोठ्यांनी ऐकले पाहिजे. नुसती मागण्यांची चित्रे ठेवली आणि नकार ठेवला नाही, तर ती पाटी मुलाची न राहता मोठ्यांची होते.

पण ती पाटी कोणत्या भाषेत बोलणार? हा प्रश्न शहरात कोणाला पडत नाही. अ‍ॅप मराठीत आहे म्हटले की काम झाले असे वाटते. वरवट बकालच्या घरात ‘मला पाणी हवे आहे’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘मले पाणी पाह्यजे’ म्हणतात. आईला ‘माय’ म्हणतात, केळ्याला ‘केयं’ आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. ‘का’ विचारावयाचे तर ‘काहून’ येते, आणि पुण्याचे पिठले येथे ‘बेसन’ नाही तर ‘चून’ होते. बोलक्या मुलाला ही दोन रूपे सांधणे कठीण जात नाही. शाळेत एक आणि घरी एक असे ते सहज करते. स्वमग्न मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याला सारखेपणा हवा असतो. घरात कानावर पडणारा शब्द आणि पाटीतून निघणारा शब्द वेगळे असतील तर त्याच्या लेखी त्या दोन वस्तू होतात. शिवाय शेजारपाजारची पोरे त्या पुस्तकी उच्चाराला हसणार, ते वेगळेच. ज्या मुलाला पहिला शब्द मिळत आहे, त्याला तो आपल्या घरचा मिळावा ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

या बाबतीत वऱ्हाडी बोलीने एक सोय आधीच करून ठेवली आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. चित्रांच्या पाट्या इंग्रजीत प्रथम घडल्या. तेथे ‘मला हवे’ अशा अर्थाचे एक बटन दाबावे आणि मग कोणतेही नाम जोडावे, वाक्य तयार. प्रमाण मराठीत तसे होत नाही. चहा हवा, भाकरी हवी, पाणी हवे. नामाचे लिंग बदलले की क्रियापद बदलते आणि क्रियापद येतेही नामानंतर. म्हणून मराठी अ‍ॅप करणाऱ्याला नामानामाचे वाक्य वेगळे रचून ठेवावे लागते, नाही तर यंत्र ‘भाकरी हवा’ असे काही तरी बोलून बसते. ‘पाह्यजे’ला मात्र लिंगाची अडचण नाही. चहा पाह्यजे, भाकर पाह्यजे, पाणी पाह्यजे. एकच बटन साऱ्यांना पुरते. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. अर्थात सारे प्रश्न असे सुटत नाहीत. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा भेद राहतोच, आणि मुलीच्या पाटीतून मुलाचे क्रियापद निघाले तर ते कानाला खटकल्याशिवाय राहत नाही. अजित नारायणन यांनी २०१३ मध्ये एका व्याख्यानात शब्दांचा क्रम बाजूला ठेवून कोणी, काय, केव्हा अशा प्रश्नांच्या जोडणीतून चित्रांचा अर्थ मांडण्याची युक्ती दाखविली होती; व्याकरण यंत्राने मागाहून घालावयाचे. भारतीय भाषांना ती दिशा मानवणारी आहे.

शब्दसंग्रहाचाही प्रश्न आहे. संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी खारे. पिण्याचे गोडे पाणी वेगळ्या भांड्यात राहते. घरातल्या लहान मुलालाही कोणते पाणी तोंडाला लावावयाचे आणि कोणते हातपाय धुण्याचे हे ठाऊक असते. मुंबईत तयार झालेल्या पाटीवर पाण्याचे एकच चित्र असणार, आणि त्यात मुंबईकरांची चूक नाही. पण या मुलाला दोन चित्रे लागतात. त्याला पिझ्झ्याचे आणि समुद्रकिनाऱ्याचे चित्र नसले तरी चालेल. कपाशीचे शेत, बैल, बकरी, एस.टी., शेगावचा मठ, आजीच्या घराचे दार ही चित्रे हवीत. अशी बरीच अ‍ॅप घरच्या फोनने काढलेले छायाचित्र आणि घरच्याच माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज स्वीकारतात. तेव्हा यंत्राकडे सोय आहे. ती करून देणारे माणूस नाही.

बाजाराने हे करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांच्या गरीब पालकांची बाजारपेठ ही कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात बसणारी नाही. परंतु हाच माल सार्वजनिक मालाचे शुद्ध उदाहरण आहे. चारपाचशे चित्रे आणि त्यांचे वऱ्हाडी उच्चार एकदा तयार झाले की पहिल्या मुलाने ते वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाहीत, आणि हजाराव्या मुलाला देण्यास आणखी खर्च येत नाही. एकदाचा खर्च, तोही लहान. तो कोणी करावा? संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात बुलढाणा, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती हे पाच जिल्हे येतात. तेथील महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे होतात, आणि बोलीभाषेवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थीही निघतात. एका शिबिराने रस्त्याला मुरूम टाकण्याऐवजी शंभर घरांतले शब्द टिपून आणि मुलामुलींच्या आवाजात मुद्रित करून दिले, तर ते आयआयटीच्या मंडळींना किंवा दुसऱ्या कोणाला अ‍ॅपमध्ये घालता येतील. लहान मुलाच्या पाटीतून निवेदकाचा भारदस्त आवाज न निघता दुसऱ्या मुलाचा आवाज निघेल, हा आणखी एक लाभ.

शासनाची जबाबदारी कायद्यातच लिहिलेली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची प्रथम दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला जागा दिली. याच कायद्यात संवादाची जी व्याख्या आहे, तिच्यात ब्रेल आणि खुणांच्या भाषेबरोबर बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १७ तर असे सांगते की लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला योग्य सहायक साधने अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य द्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पन्नास अग्रक्रमाच्या साधनांची यादी काढली, तिच्यात संवादाचे फलक आहेत आणि संवादाची अ‍ॅपही आहेत. तेव्हा बोलणारी पाटी ही चैन आहे की गरज, हा वाद कागदावर मिटलेला आहे. उरला तो अंमल.

आणि अंमल म्हटला की खरेदीची भीती वाटते. आपल्या प्रशासनाला वस्तू वाटणे आवडते. निविदा निघते, शिबिर भरते, मान्यवरांच्या हस्ते वाटप होते, छायाचित्र छापून येते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले, ते या संदर्भात आठवावे. फोन वारंवार अडतात आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप मराठीत नाही, अशी त्यांची तक्रार होती. शिकल्यासवरल्या, पगारी सेविकांना जे यंत्र परत करावेसे वाटले, तसलेच यंत्र न बोलणाऱ्या मुलाच्या हाती दिले तर ते त्याला परतही करता येणार नाही. ते फडताळात जाईल. म्हणून टॅब्लेटच्या आधी माणसाची तरतूद झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत दहा आणि उच्च प्राथमिक वर्गांत पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. त्या प्रमाणाकडे सरकावयाचे तर विशेष शिक्षकांची पदे भरावी लागतील, आणि एकाच शिक्षकाला गावोगाव फिरत ठेवून ती भरल्याचे मानता येणार नाही.

नवी यंत्रणा मात्र उभारावयास नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. संशय आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावयाचे, ही पद्धत आहे. पाठविल्यानंतर बाप मजुरी बुडवून किती वेळा गेला, हे कोणी पाहत नाही. मूल जिल्ह्याला नेण्याऐवजी शिकविण्याचे कसब तालुक्याला आणले तर हिशेब उलटतो. संग्रामपूरच्या गट साधन केंद्रात एक विशेष शिक्षक, पाचसहा साधे टॅब्लेट आणि पुठ्ठ्याच्या पाट्या असाव्यात. पालकांनी महिन्यातून एक दिवस यावे, यंत्र महिनाभरासाठी घरी न्यावे, उपयोग झाला तर ते मुलाकडेच राहावे. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणच्या वाचातज्ज्ञाने त्या शिक्षकाला व्हिडिओवरून मार्गदर्शन करावे. त्यासाठी आईने मुंबई गाठण्याची गरज नाही. दरमहा केंद्राकेंद्रांत शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात. त्यांतला एक तास या पाटीला द्यावा. वर्गशिक्षकाला ती वापरता येत नसेल तर मुलाची वाचा शाळेच्या फाटकाशीच थांबते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ‘तीन महिन्यांत मूल बोलेल’ असे आश्वासन देणारी अ‍ॅप बाजारात आहेत. त्यांना हप्ते भरण्यापूर्वी विनामूल्य साधन सहा महिने मन लावून वापरून पाहावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मुलाचा हात किंवा मनगट मोठ्याने धरून अक्षरांवर फिरवावयाचे आणि उमटलेली वाक्ये मुलाची म्हणून दाखवावयाची, असा एक प्रकार परदेशांतून आलेला आहे. ती वाक्ये नकळत हात धरणाऱ्याचीच असतात, असे चाचण्यांत दिसून आले; अमेरिकेतील वाचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. कसोटी सोपी आहे. मुलाचे बोट मुलानेच उचलले पाहिजे, मग त्याला वर्ष लागो.

बोलू शकणाऱ्या स्वमग्न मुलांना आणि मोठ्यांनाही ही यंत्रे उपयोगी पडतात. दिवसाचा क्रम चित्रांनी लावून देणारी, वेळ संपत आल्याचे रंगाने दाखविणारी अ‍ॅप आहेत. परीक्षेला जाणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा दुकानात काम करणाऱ्या तरुणाला त्यांचा आधार होतो. बोलणारी मुले मोठी होतात तशी न बोलणारीही होतात, हे आपल्या योजना विसरतात; अठराव्या वर्षी विनामूल्य साधनाचा हक्क संपतो, गरज संपत नाही. राज्याला त्या वयानंतरच्या साधनांसाठी वेगळी तरतूद करावी लागेल. कराच्या बाबतीतही मार्ग आहे: अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला जोडलेला क्रमांक खरेदीच्या पावतीवर नोंदवून भरलेला कर घराला परत करता येईल. दुकानदाराला काही ठरवावे लागणार नाही. सध्या प्रमाणपत्र मिळविण्यासाठीच चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी लावणारा मानसतज्ज्ञ गाठावा लागतो. तो महिन्यातून एक दिवस शेगावला किंवा खामगावला बसला, तरी पूर्णेपलीकडच्या गावांची घाटाची एक फेरी वाचेल. कपाशीची पहिली वेचणी सुरू होण्याच्या आत तो दिवस ठरला, तर माणसे येतील.